दिवाळीत येतीलच

"चौथा अल्बम घाईत केलाय," हसबनीस काका म्हणाले. "तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला दोनदा पुढे पळतो आणि गाणारा त्याला मागे ओढतो. लाव परत, ऐकवतो तुम्हाला."

इलाहीने मांडीवरचा तंबोरा बाजूला ठेवला, फडक्याला हात पुसले आणि कॅसेट मागे घेतली. गाणं पुन्हा सुरू झालं. काकांचं बोट गुडघ्यावर टकटकत होतं. दोन ठिकाणी ते थांबलं आणि दोन्ही ठिकाणी ड्रम खरंच एक पाऊल पुढे होता.

"मुद्दाम केलंय ते," इलाही म्हणाला. "गाणं मोर्चाचं हाय काका. मोर्चात माणसं काय रांगेत चालत्यात व्हय?"

"मुद्दाम करणारा एकदा करतो. दोनदा केलं की चूक."

"चारूताई, तुम्ही सांगा आता."

मी नेहमीसारखी तिसऱ्या अल्बमची बाजू घेतली आणि मग दोघेही माझ्यावर तुटून पडले.

ही दोन हजार सातच्या सप्टेंबरातली गोष्ट. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत इलाही शिकलगारचं छोटं दुकान होतं. वरच्या तुळईला तंबोऱ्यांचे भोपळे वाळायला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. तो सतारी-तंबोरे करायचा, त्याचे वडील आणि आजोबाही तेच करत आले होते. पण इलाहीचा जीव होता 'कातळ'मध्ये. 'कातळ' म्हणजे पुण्याचा रॉक बँड. पंच्याऐंशी साली कॉलेजातल्या चार मुलांनी काढलेला, मराठीत गाणारा. बावीस वर्षांत सहा अल्बम. आमच्या गावात त्यांचं नाव काढलं की लोक म्हणायचे, तो गोंगाट का? जिथे कुठल्याही बोळातून तंबोरा ऐकू येतो त्या गावात आम्ही तिघंच दर रविवारी सकाळी दहा वाजता तो गोंगाट ऐकायला जमायचो.

इलाही तेव्हा चाळिशीचा, मी बत्तीसची, आणि हसबनीस काका चौसष्ट. काका तारखात्यात होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तारयंत्राचं कडकट्ट ऐकण्यात घालवली होती, त्यामुळे ड्रम त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचा. शब्द मात्र ते आम्हाला विचारायचे. एखादी ओळ समजली नाही की वही काढून लिहून घ्यायचे.

ते पहिल्यांदा आले त्याला चार वर्षं झाली होती. हाफ बाहीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. पिशवीतून पाच कॅसेट काढून त्यांनी इलाहीच्या समोर फळीवर मांडल्या.

"माझा मुलगा तुमच्याकडे गिटारच्या तारा घ्यायला यायचा. निशिकांत. उंच होता, चष्मा होता."

इलाहीला तो आठवला. "कसा हाय तो? लई दिवस आला न्हाई."

"गेला. नव्व्याण्णवला. कावीळ झाली. आठ दिवसांत आटोपलं."

इलाहीने कॅसेट जवळ ओढल्या. काका म्हणाले, "घरात असताना तो हे लावायचा आणि मी ओरडायचो, बंद कर ते. आता मी लावून बघतो, पण मला त्यातलं काही कळत नाही. मला समजावून सांगाल का?"

असे ते आमच्यात आले. निशिकांतने प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात शेरे लिहिले होते. 'इथे आवाज वाढवावा.' 'गिटार चांगली, शब्द फुकट.' 'परीक्षेच्या आधी ऐकू नये.' काकांना ते सगळे पाठ होते. दुसऱ्या अल्बममध्ये 'ओ दे' नावाचं गाणं होतं. 'कातळ'चं सगळ्यात गाजलेलं गाणं तेच. सुरुवातीला वाद्य एकही नाही, नुसता गायक उदय बोकीलचा आवाज, लांबून कुणाला तरी हाक मारल्यासारखा, 'ओ दे... ओ दे...' आणि मग बऱ्याच वेळाने एक गिटार हलकेच येते. त्या गाण्यापुढे निशिकांतने लिहिलं होतं, 'हे समोर उभं राहून ऐकायचं.'

अठ्ठ्याण्णव साली 'कातळ' कोल्हापूरला आलं होतं. निशिकांतची परीक्षा आठ दिवसांवर होती. काकांनी त्याच्या गाडीची किल्ली खिशात घातली आणि ते ड्यूटीवर निघून गेले. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही ड्रमबद्दल बोलता बोलता, मध्येच. पुढे म्हणाले, "मला एकदा ते गाणं समोर उभं राहून ऐकायचंय. त्याच्या वतीने म्हणा."

पण गेली दोन वर्षं 'कातळ'चं काही खरं दिसत नव्हतं. सातवा अल्बम येणार येणार म्हणत होते, येत नव्हता. त्या वर्षी नाशिकचा कार्यक्रम रद्द झाला, मग सोलापूरचा. मी सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवर चाहत्यांच्या गप्पा वाचायची आणि रविवारी येऊन सांगायची. कुणी म्हणे ड्रमवाला पुन्हा सोडून गेला. कुणी म्हणे गिटारवाला आणि बोकील एकमेकांशी बोलत नाहीत.

"बोकील थकला आता," इलाही म्हणायचा. "सहाव्या अल्बमात बघा, सगळी गाणी खालच्या पट्टीत."

"थकलेला माणूस असं गात नाही," काका म्हणायचे. "तो जपून गातोय. कशाला जपतोय ते कळत नाही."

मग जाहिरात आली. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, पुणे, एका शाळेचं मैदान, संध्याकाळी साडेपाच. मी त्याच दिवशी पुण्यातल्या मावसबहिणीला फोन करून तीन तिकिटं काढायला सांगितलं.

मी तेव्हा मिरजेतल्या एका हॉस्पिटलात कान तपासायचं काम करत होते. काम साधं आहे. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून काचेतून बघत बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. मग कागदावर दोन्ही कानांच्या दोन रेषा निघतात. त्या रेषा बघून डॉक्टर पुढचं ठरवतात.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी, एक पेशंट आला. पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा, डोक्यावर टोपी. केसपेपरवर 'यू. डी. बोकील, पुणे' लिहिलेलं होतं. नाव वाचूनही माझ्या लक्षात आलं नाही. तो म्हणाला, "बसू का?" आणि तो आवाज मी ओळखला.

मी खुर्ची दाखवली. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून हेडफोन मी त्याच्या मागे उभं राहून चढवले.

डावा कान बरा होता. उजव्या कानात वरच्या पट्टीचा आवाज मी वाढवत नेला, आणखी वाढवला, आणि काचेपलीकडे तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसला होता. त्याला वाटत होतं मी अजून सुरूच केलेलं नाही.

बाहेर आल्यावर त्याने कागद मागितला. "डॉक्टर सांगतीलच," मी म्हटलं.

"पुण्यात दोघांनी बघितलंय. ते मला ओळखतात, म्हणून गोड बोलतात. इथे मला कुणी ओळखत नाही म्हणून आलो. तुम्ही रोज शंभर कान बघत असाल. खरं सांगा."

मी त्याच्यापुढे कागद ठेवला. उजव्या कानाची रेषा कुठे घसरलीय ते बोटाने दाखवलं. "हे परत येत नाही. आणि मोठ्या आवाजात राहिलात तर डावाही याच वाटेने जाईल."

त्याने रेषेवरून बोट फिरवलं. "अजून एक आहे. एकच सूर मला दोन कानांत दोन ऐकू येतो. उजव्यात जरा उतरलेला. मग माझं मलाच कळत नाही, मी कुठल्या सुरात आहे. असं होतं?"

"होतं."

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही." तो हसला. मग म्हणाला, "पुढच्या शनिवारचा एक कार्यक्रम आहे. तो करतो आणि थांबतो. आमच्या पोरांनाही अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती वाजवताना रडतील, वाजवणार नाहीत. स्टेजवरूनच सांगणार आहे शेवटी. तोवर तुम्ही कुणाला बोलणार नाही ना?"

"इथलं इथेच राहतं," मी म्हटलं.

तो गेला. मी तुमचे सहाही अल्बम ऐकलेत, हे मी त्याला सांगितलं नाही. हसबनीस काकांबद्दल सांगायचं होतं, ते तर राहूनच गेलं. दारात पुढचा पेशंट उभा होता.

रविवारी मी दुकानात पोचले तेव्हा काका आधीच आले होते. नेहमी ते भिंतीला टेकून बसायचे. त्या दिवशी पुढे वाकून, हातात हात गुंफून बसले होते.

"अडचण झालीय," ते म्हणाले. "बेळगावला दिलेल्या आमच्या शोभाला मुलगा झालाय ना, त्याचं बारसं शनिवारी धरलंय."

"याच शनिवारी?"

"याच. ही म्हणते, आठ वर्षांत घरात चांगलं काही घडलं नव्हतं, आता घडतंय. आजोबाच नसतील तर कसं दिसेल?"

"बरोबरच हाय की," इलाही म्हणाला. "नातवाचं बारसं सोडून कोण जातंय? मलाबी जायला जमायचं न्हाई तसं, दोन तंबोरे द्यायचेत सोमवारी. जातील चारूताई एकट्या. आपण पुढच्या वेळी जाऊ."

"पुढची वेळ येईल का, हाच प्रश्न आहे." काका माझ्याकडे वळले. "शोभाचा नवरा समजूतदार आहे. एक दिवस पुढे करा म्हटलं तर रविवारी करतील. मी शनिवारी पुण्याला जाऊन रविवारी सकाळी बेळगाव गाठू शकतो. पण त्यासाठी हिला काहीतरी सांगायला हवं. नुसतं गाणं ऐकायचंय म्हटलं तर ती निशिकांतचं नाव काढून रडायला लागेल. आणि हे लोक दोन महिन्यांनी परत येणारच असतील, तर कशाला तिला रडवायचं?"

"येतील हो," इलाही म्हणाला. "बावीस वर्षं झाली. दर दोन वर्षांनी संपत्यात आणि परत येत्यात."

"तुला नाही विचारलं. चारू, तू सगळं वाचत असतेस. तुला काय वाटतं? हे शेवटचं आहे असं तू म्हणालीस, तर मी इथूनच शोभाला फोन करतो."

त्यांनी खरंच खिशातून बेळगावचा नंबर लिहिलेला कागद काढून गुडघ्यावर ठेवला होता.

त्या क्षणी मला काय काय म्हणता आलं असतं याची यादी मी नंतर इतक्या वेळा केली आहे की आता तिचाही कंटाळा येतो. 'मला काय माहीत काका.' 'जाऊन या, कशाला धोका घ्यायचा.' यातलं काहीही म्हटलं असतं तरी माझा शब्द मोडला नसता. पण मला वाटलं, मी जरा जरी 'जा' म्हटलं तरी काका माझ्या तोंडाकडे बघतील आणि त्यांना कळेल. त्यांची नजरही कानांइतकीच तीक्ष्ण होती. मी घाबरले आणि घाबरून भलतीकडेच गेले.

"दिवाळीत येतीलच काका," मी म्हटलं. "कोल्हापूरला. मी वाचलंय तसं. तुम्ही बारशाला जा."

"वाचलंयस?"

"हो."

काकांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता. "चला, सुटलो. मी आपला उगाच जिवाला घोर लावून घेतला होता." कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि इलाहीला म्हणाले, "लाव रे, चौथाच लाव. आज त्याला माफ करून ऐकतो."

शनिवारी मी पुण्याला गेले. मावसबहिणीच्या दोन मैत्रिणींनी उरलेली तिकिटं घेतली होती. मैदान भरलं होतं, पण आमच्या वयाच्या लोकांनी. कुणाच्या खांद्यावर मुलं, कुणाचे केस पांढरे. शेजारचे दोघे तावातावाने सातव्या अल्बमबद्दल बोलत होते. एक म्हणत होता रेकॉर्डिंग पूर्ण आहे, डिसेंबरात येणार. दुसरा म्हणत होता, कंपनीच मिळत नाही. मी तोंड मिटून उभी होते.

बोकीलने टोपी घातली नव्हती. तो सरळ उभा राहून गात होता आणि छान गात होता. फक्त मला दिसत होतं की प्रत्येक गाण्याला तो गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत सुरुवात करतोय. तो हात बघून त्याला सूर कळत होता, कानाने नाही.

सात-आठ गाणी झाली. मग बाकीचे तिघे मागे सरकले, दिवे मंद झाले आणि तो एकटा माइकसमोर आला. लोकांना कळलं. सगळं मैदान एकदम ओरडलं आणि लगेच गप्प झालं. 'ओ दे'ची सुरुवात.

त्याने उजव्या कानात बोट घातलं. डोळे मिटले, तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याने पुन्हा श्वास घेतला. मी मनात म्हणत होते, घे, कुठलाही सूर घे, कुणाला कळणार आहे? पण त्याला कळणार होतं. कदाचित तेही कळणार नव्हतं, आणि तीच भीती होती. बघायला हात नव्हता, धरायला गिटार नव्हती. मग त्याने कानातून बोट काढलं, मान वळवून गिटारवाल्याला नाही म्हणून खूण केली आणि दुसरंच गाणं सुरू झालं.

"शेवटी ठेवलंय," शेजारचा म्हणाला.

शेवटी त्याने सांगितलं. फार बोलला नाही. "मला ऐकू येत नाही. हा आपला शेवटचा कार्यक्रम. मिरजेत एका बाईंनी माझे कान तपासले आणि तोंडावर खरं सांगितलं. त्यांचे उपकार आहेत, नाहीतर मी असाच बेसूर होत गेलो असतो आणि तुम्ही प्रेमापोटी ऐकून घेतलं असतं." ड्रमवाला काठ्या खाली ठेवून स्टेजवरच मटकन बसला.  मग कुणीतरी ओरडलं, "ओ दे!" दुसऱ्याने ओरडलं. मग सगळंच मैदान तालात ओरडायला लागलं, ओ दे, ओ दे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. स्टेजवर कुणी आलं नाही. शेवटी कामगार येऊन वायरी गुंडाळायला लागले.

सोमवारच्या पेपरात बातमी आली. दहा-बारा ओळींची. 'कातळ'ने रसिकांचा निरोप घेतला, आपली सर्व गाजलेली गाणी सादर केली, वगैरे. मिरजेच्या बाईंचाही उल्लेख होता.

पुढच्या रविवारी जाऊ नये असं मला फार वाटलं. तरी गेले. काका भिंतीला टेकून बसले होते. पुढ्यात बेळगावच्या कुंद्याचा पुडा होता. इलाही भोपळा घासत होता. मी आत आले तरी त्याने मान वर केली नाही.

"मिरजेत कान तपासणाऱ्या बायका किती हायत, चारूताई?" त्याने विचारलं.

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही जाऊन आलात. आणि ह्यास्नी बेळगावला धाडलं."

"गप रे इलाही," काका म्हणाले. "बस गं चारू. कुंदा घे."

मी बसले. कुंदा हातात घेतला, तोंडात घालवेना.

"नातवाचं नाव निषाद ठेवलं," काका म्हणाले. "शोभाच्या सासूबाईंनी सुचवलं, निशिकांतवरून. ही रडली, पण चांगलं रडली." मग ते माझ्याकडे वळले. "तुला आधी माहीत होतं."

"हो काका. त्या रविवारच्या आधीच कळलं होतं. मला सांगता येत नव्हतं."

"ते मला कुणी सांगायला नको. आमच्याकडे तारा यायच्या. कुणाच्या घरचं कोण गेलं ते घरच्यांच्या आधी आम्हाला कळायचं. तार पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही, नियमच होता. एकदा माझ्याच शेजाऱ्याच्या भावाची आली. मी तार लिहून घेऊन चहा प्यायला बाहेर पडलो तर तो समोर. म्हणाला, काय मास्तर, काय खबर?"

"मग?"

"मी गप्प बसलो. माझं तोंड बघून तो समजला आणि धावत सुटला. साहेबांनी मला झापलं." काकांनी पुड्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "गप्प बसायची मला सवय होती. सगळं ठीक आहे असं मात्र मी कधी कुणाला म्हटलं नाही."

ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर मला रडता तरी आलं असतं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "आता सांग. पहिल्यापासून सांग. कोण कुठे उभं होतं, काय काय म्हणाले, सगळं."

मी सांगायला लागले. त्यांनी डोळे मिटले होते. मैदान, माणसं, पहिलं गाणं, दुसरं गाणं. चौथ्या अल्बममधलं मोर्चाचं गाणं आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ड्रमवाला पळाला का पुढे?" "पळाला," मी म्हटलं, "दोनदा." इलाहीने भोपळा खाली ठेवला. तोही ऐकत होता. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आपण कुठे येऊन पोचणार आहोत, आणि जिवात जीव आल्यासारखं झालं. इतके दिवस मला हे सुचलंच कसं नव्हतं? काका आले असते तरी त्यांना ते मिळालं नसतं. मी त्यांचं काही हिरावून घेतलेलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "'ओ दे' झालंच नाही."

त्यांनी डोळे उघडले.

"तो माइकपाशी आला. दिवे मंद झाले. त्याने तोंड उघडलं आणि त्याला सूरच लागेना. दोन कानांत दोन सूर ऐकू येतात त्याला, त्यामुळे नुसत्या आवाजावर सुरुवात करता येत नाही. मग त्याने ते सोडून दिलं. लोक शेवटपर्यंत ओरडत होते. नाहीच गायला तो."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. लहान मुलाने पडलेल्या माणसाच्या गुडघ्यावर फुंकर घालावी आणि त्या माणसाने हसावं, तसं ते हसू होतं.

"पेपरात तर आलंय, सगळी गाजलेली गाणी झाली म्हणून."

"पेपरवाले तसंच लिहितात काका. शपथ. नाही झालं ते."

"बरं."

"खरंच नाही झालं."

"बरं म्हटलं ना." त्यांनी हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला. "चांगली मुलगी आहेस तू. मला वाईट वाटू नये म्हणून किती करशील? खा तो कुंदा."

मी इलाहीकडे बघितलं. तो भोपळ्यावरचा भुसा फुंकत होता. "मला नका विचारू," तो म्हणाला. "मी न्हवतो तिथं."

मी प्रयत्न सोडला नाही. इंटरनेटवरच्या चाहत्यांना विचारून, कार्यक्रमाला गेलेल्या एकाने लिहून ठेवलेली गाण्यांची यादी मिळवली, छापून काकांना नेऊन दिली. त्यात 'ओ दे' नव्हतं. काकांनी चष्मा लावून यादी वाचली, "यात एक गाणं राहिलेलं दिसतंय," असं म्हणाले आणि कागद मला परत दिला. पुढे मी तो विषय काढला नाही.

काका त्यानंतरही साडेतीन वर्षं दर रविवारी येत राहिले. माझ्याशी बोलणं तेच, चौकशी तीच, माझ्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या. फक्त एक झालं. तोवर प्रत्येक गोष्टीत 'चारू, तुला काय वाटतं' असं विचारायचे, ते थांबलं. 'कातळ' परत येईल का, सातवा अल्बम कुणाच्या कपाटात पडून असेल, बोकील आता काय करत असेल, हे सगळं ते इलाहीला विचारायचे. इलाही काहीतरी ठोकून द्यायचा आणि काका मान डोलवायचे.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात ते गेले. त्याच्या एक-दोन महिने आधीची गोष्ट. मला दुकानात पोचायला उशीर झाला होता. दाराबाहेर चपला काढत होते तेव्हा आतून काकांचा आवाज आला. ते हळू, विचार करत करत बोलत होते.

"मैदानात म्हणजे भिंती नाहीत. आवाज परत येणार नाही. त्यामुळे पहिला 'ओ दे' त्याने लांबवला असेल. कॅसेटवर आहे त्याच्या दुप्पट. आणि लोक एकदम गप्प झाले असतील, नाही का रे?"

"झाले असतील की," इलाही म्हणाला.

"निशिकांत असता तर पुढे घुसला असता. मला ढकलत घेऊन गेला असता." मग ते थांबले. "मी तेवढंच चुकवलं."

मी दारातच उभी राहिले. पुन्हा आत जाऊन सांगावं असं क्षणभर वाटलं, पण माझ्या सांगण्याचं आता काही मोल राहिलेलं नव्हतं. माझी सावली उंबऱ्यावर पडली असावी. काकांनी वळून बघितलं.

"ये गं," ते म्हणाले आणि इलाहीकडे हात करून म्हणाले, "लाव रे कुठलातरी."